अंगणवाडीत इंटर्नशिपला जाताय? पहिल्या दिवसापासून अहवालापर्यंत

मानवविकास, बालशिक्षण किंवा समाजकार्य शिकणाऱ्यांच्या हातात कॉलेजकडून कधी ना कधी एक पत्र पडतं : अमुक तारखेपासून अमुक अंगणवाडीत हजर व्हा. मला ते मिळालं तेव्हा मी वीस वर्षांची होते. अंगणवाडी डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावर होती. पटावर २६ मुलं, एक खोली, पुढे सारवलेलं अंगण. तिथे मी दोन महिने काढले. तेव्हापासून कॉलेजातल्या धाकट्या मुली दरवर्षी विचारतात, ‘ताई, काय काय न्यायचं? पहिल्या दिवशी काय करायचं?’ त्यांना तोंडी सांगत आले, ते इथे क्रमाने लिहिते आहे. तुमची जागा शहरातली बालवाडी किंवा पाळणाघर असेल तर काही तपशील बदलतील. तीन-चार वर्षांचं मूल मात्र सगळीकडे तेच असतं.

१. जाण्याआधी

कागदपत्रांचं फार नाही. कॉलेजचं पत्र, ओळखपत्र, मार्गदर्शक शिक्षकांचा नंबर, आणि बालविकास प्रकल्प कार्यालयाची परवानगी लागत असेल तर तिची प्रत. सगळं एका पिशवीत ठेवा.

त्याहून गरजेचं म्हणजे आपण कुठे चाललो आहोत हे समजून घेणं. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. अंगणवाडी हे तिचं गावातलं घर. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं पूर्वशिक्षण तिथे चालतं, पण तेवढंच नाही. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा पूरक आहार, वजन-उंची, लसीकरणाचा पाठपुरावा, गरोदर आणि स्तनदा मातांची नोंद हे सगळं एक सेविका आणि एक मदतनीस मिळून पाहतात. हे आधी माहीत नसेल तर पहिल्याच दिवशी तुम्हाला वाटेल, ‘सेविकाताई मुलांना शिकवायचं सोडून मोबाइलमध्ये काय भरत बसल्यात?’ त्या पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर हजेरी आणि आहार भरत असतात, आणि ते त्याच दिवशी भरावं लागतं.

‘अंगणवाडी’ हा शब्द ज्या कामातून आला ते आमच्याच भागातलं. १९४५ साली बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागड्या माँटेसरी साहित्याऐवजी पानं, बिया, शंख-शिंपले, खडे घेऊन त्यांनी शिकवलं. जाण्याआधी या दोघींच्या कामाबद्दल जे मिळेल ते वाचा. अंगणात पाय ठेवताना आपण कोणाच्या मागून चाललो आहोत हे कळतं.

कपडे असे घाला की दिवसभर जमिनीवर बसता येईल. ओढणीला टाचणी लावू नका, गाठ मारा, कारण मुलं अंगाला बिलगतात. लोंबती कानातली घरी ठेवा. नखं कापा. तुम्हाला सर्दी-ताप असेल तर त्या दिवशी जाऊ नका.

२. पहिला आठवडा : शिकवू नका

हा माझा सगळ्यात आग्रहाचा मुद्दा आहे.

मी पहिल्या दिवशी रंगीत चित्रकार्डांचा गठ्ठा घेऊन गेले होते. रात्री जागून केलेला. सफरचंदाचं कार्ड वर धरून विचारलं, ‘हे काय?’ एक मुलगी म्हणाली, ‘टमाटा.’ मी म्हटलं, ‘नाही, नीट बघ.’ ती गप्प झाली. पुढच्या कार्डाला कोणीच बोललं नाही. त्या पाड्यावर चिकू आहेत, करवंदं आहेत, ताडगोळे आहेत. सफरचंद कितीशी मुलं रोज पाहत असणार? तिचं उत्तर तिच्या जगात बरोबरच होतं. चूक होती ती माझ्या कार्डाची आणि त्याहून जास्त माझ्या ‘नाही’ची. ती मुलगी पुढचे चार दिवस माझ्यापासून लांब बसली.

म्हणून पहिल्या आठवड्यात एवढंच करा :

सगळ्यांची नावं शिका, मुलं एकमेकांना ज्या नावाने हाक मारतात त्या नावांसकट. पटावरचं नाव आणि घरचं नाव बऱ्याचदा वेगळं असतं.

उभं राहून मुलांशी बोलू नका. खाली बसा, म्हणजे तुमचे डोळे त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला येतील. आवाज बारीक ठेवा. वर्गात गलका वाढला की आपलाही आवाज चढतो, आणि मग तो खाली येतच नाही.

दिवसाचा क्रम लिहून काढा : कोण आधी येतं, कोणाला कोण सोडतं, खिचडी किंवा उसळ वाढायची वेळ, हात धुवायची जागा, शौचाला कोण नेतं. हात धुताना मदतनीसताईंच्या बाजूला उभं राहून पाणी घाला. तिथे तुम्हाला मुलं जेवढी कळतील तेवढी कार्डं दाखवून कळणार नाहीत.

सेविकेला ‘ताई’ म्हणा, मदतनीसांनाही. त्यांना विचारा, ‘मी कशात मदत करू?’ मुलांसमोर त्यांचं म्हणणं खोडू नका. एखादी गोष्ट पटली नाही तर मुलं गेल्यावर, आणि तीही विचारण्याच्या सुरात बोला. ताईंनी अमुक मुलाला वेगळं बसवलं तर त्यामागे तीन वर्षांची ओळख असू शकते. तुमची ओळख तीन दिवसांची आहे.

३. वही : दोन रकाने

आता खरं काम. एक दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक पानावर मधोमध रेघ मारा. डाव्या बाजूला जे दिसलं, ऐकू आलं तेच लिहायचं : तारीख, वेळ, जागा, मुलाने काय केलं, त्याच्याच शब्दांत काय म्हटलं. उजव्या बाजूला तुम्हाला त्यावरून काय वाटलं ते.

सांगायला सोपं आहे, करायला नाही. ‘फार हट्टी आहे’ हे वाक्य डावीकडे लिहिलंत तर ते खोडा. हट्ट दिसत नाही. दिसतं ते असं : ‘१०.४०. लाल ठोकळा दोनदा मागितला. दुसऱ्या मुलाने दिला नाही. तिसऱ्यांदा ओढून घेतला. ताईंनी परत करायला लावल्यावर दाराशी जाऊन बसला. सहा मिनिटांनी आपणहून आला.’ हे लिहिल्यावर लक्षात येतं की मुलाने आधी दोनदा नीट मागितलं होतं, आणि रुसवा सहा मिनिटांत आपला आपण आवरला होता. चार वर्षांच्या मुलासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे!

नोंद लगेच करा, मुलांसमोर बसून पानं भरू नका. मी हाताच्या पंजाएवढ्या चिटोऱ्यावर दोन-चार शब्द टिपायचे आणि घरी परतल्यावर वहीत उतरवायचे. रोज तीन मुलं पुरेत. ठरवून पाळीपाळीने बघा, नाहीतर सगळी वही दोन मस्तीखोर आणि एका गोड मुलीनेच भरते, आणि कोपऱ्यात शांत बसलेली मुलं दोन महिन्यांत एकदाही त्यात येत नाहीत.

माझ्या वहीतलं एक उदाहरण देते. पाचेक वर्षांचा एक मुलगा होता. पहिले तीन आठवडे उजव्या रकान्यात त्याच्याबद्दल मी लिहीत होते : लाजाळू, भाषा उशिरा आलेली वाटते, ताईंना सांगायला हवं. एका शनिवारी सगळी वही सलग वाचली तेव्हा त्याच मुलाचा डावा रकाना काही वेगळंच सांगत होता. ‘वाढपाच्या वेळी मदतनीसताईंशी बोलत होता, काय ते समजलं नाही.’ ‘लहान बहिणीला काहीतरी लांबलचक सांगत होता.’ ‘नळापाशी दोन मुलांना हसवलं.’ तो गप्प होता तो फक्त माझ्यापाशी. घरी वारली बोलणारा तो मुलगा माझ्या पुस्तकी मराठीला उत्तर देत नव्हता, आणि मी त्याची भाषा उशिरा आली असं लिहून मोकळी झाले होते. ताईंना सांगितलं नाही हे नशीब. कागदावर चढलेला असा शेरा पुढे शाळेपर्यंत मुलाच्या मागे जाऊ शकतो.

दुसऱ्या दिवसापासून मी मदतनीसताईंकडून रोज पाच शब्द शिकायला लागले. पाणी, भाकर, ये, बस, दाखव. उच्चार चुकला की मुलं हसायची आणि दुरुस्त करायची. तोही करायचा. तुमच्या गावात अहिराणी असेल, गोंडी, पावरी, कातकरी किंवा गोरमाटी असेल. शहरात अर्धा वर्ग हिंदी किंवा भोजपुरी बोलणारा असेल. पहिल्या आठवड्यातच वीस शब्द शिका. मूल ज्या भाषेत रडतं, त्या भाषेत त्याला समजावता आलं पाहिजे.

इंटर्नशिपमधून स्वतःत काय बदललं हे नंतर शोधायला लागतं, तेव्हा उपयोगी पडतो तो उजवा रकाना. त्यात मूल कमी असतं, आपण जास्त असतो.

४. रडणारं मूल, मारणारं मूल

नवं मूल सोडायला आई येते आणि मुलाची नजर चुकवून निघून जाते. घराघरांत ही रीत आहे. तिला दोष न देता विनंती करा : ‘ताई, सांगून जा. रडला तरी चालेल.’ नजर चुकवून गेलेल्या आईला मूल दिवसभर दाराकडे बघत शोधतं.

मूल रडत असताना ‘आई आत्ता येईल’ असं खोटं सांगू नका. ‘बारा वाजता येईल’ हेही त्याला कळत नाही. त्याला प्रसंग कळतात : ‘आधी गाणी, मग खिचडी, मग हात धुवायचे, मग आई.’ प्रत्येक टप्पा झाला की आठवण करा. जवळ बसा, त्याला हवं असेल तरच मांडीवर घ्या. ‘मोठी मुलं रडत नाहीत’, ‘बघ, सगळे हसतात तुला’ असलं काही तोंडून जाऊ देऊ नका. पहिल्या काही दिवसांत घरची एखादी वस्तू, आईचा रुमाल किंवा एखादं बाहुलं, हातात असू द्या.

मारणाऱ्या, चावणाऱ्या मुलासमोर लांब भाषण उपयोगाचं नाही. आधी ज्याला लागलं त्याच्याकडे जा. मग मारणाऱ्याला दोन-तीन शब्दांत, आणि काय करायचं ते सांगा. ‘पळू नका’ऐवजी ‘चालत या’. ‘मारू नको’ऐवजी ‘हात खाली, तोंडाने माग’. मोठ्यांनी हात उगारायचा नाही, यात तडजोड नाही. गावात कोणी म्हणेल, ‘द्या एक ठेवून, आमची परवानगी आहे.’ ती परवानगी तुम्ही घेऊ नका.

५. उपक्रम : बारा मिनिटं आणि अंगणातलं सामान

दुसऱ्या आठवड्यापासून ताईंना विचारून रोज एक छोटा उपक्रम घ्या. अंगणवाड्यांसाठी बालशिक्षणक्रम ठरवून दिलेला असतो, ताईंकडे त्याची पुस्तिका असते. ती मागून घ्या आणि त्या आठवड्याच्या विषयाला धरूनच योजना करा.

या वयाची मुलं एका गोष्टीत दहा-बारा मिनिटं रमली तर छानच समजा. बसून करायच्या कामानंतर हालचालीचं काम, मग पुन्हा बसून, असा हेलकावा ठेवा. एक उपक्रम ठरवलेला आणि दोन पदरात. पावसाने अंगण गेलं, वजनाचा दिवस निघाला, लसीकरणाला नर्सताई आल्या, तर ठरवलेलं सगळं बाजूला ठेवावं लागतं. चिडायचं नाही.

सामान अंगणातलंच. सागाची, पळसाची, आंब्याची पानं लहान-मोठी लावायला, चिंचोके मोजायला, माती मळायला, नारळाच्या करवंट्या पाणी ओतायला. पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतणं हे काम मुलं अर्धा अर्धा तास करतात. माझ्या दोन महिन्यांत त्याहून यशस्वी दुसरा उपक्रम झाला नाही.

इथे एक इशारा. गुंजा दिसायला सुंदर, लाल-काळ्या, मुलांना हव्याहव्याशा. पण त्या विषारी आहेत. एरंडाच्या बिया आणि धोतऱ्याची फळंही तशीच. वर्गात आणूच नका, मुलांनी आणली तर काढून घ्या आणि हात धुवायला लावा. चिंचोके, मणी, शेंगदाणे नाका-कानात जातात, घशात अडकतात. म्हणून तीन वर्षांखालची भावंडं आसपास असतील तेव्हा बारीक वस्तू बाहेर काढू नका, आणि उपक्रमाच्या आधी व नंतर वस्तू मोजा.

गोष्ट सांगायची तर एकच गोष्ट आठवडाभर सांगा. आपल्याला कंटाळा येतो, मुलांना येत नाही. तिसऱ्या दिवशी ती पुढचं वाक्य आधी बोलतात, पाचव्या दिवशी त्यातली एखादी उठून स्वतः सांगते. मला चिडून गप्प बसलेल्या ‘टमाटा’वालीचा आवाज पुन्हा ऐकू आला तो अशाच पाचव्या दिवशी. कोल्ह्याने करवंदं खाल्ली की आंबा, यावरून तिने मला अडवलं होतं.

पालक विचारतील, ‘लिहायला कधी शिकवणार? एबीसीडी कधी?’ प्रश्न मायेपोटी असतो, त्याला उडवून लावू नका. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला आहे आणि तो खेळातून शिकण्याचा आहे, हे तुम्हाला माहीत असू द्या. पण पालकांना धोरण सांगण्यापेक्षा मुलाच्या शेजारी बसवा. मातीची गोळी करताना, कागद फाडताना, मणी ओवताना बोटांत जी ताकद येते तिच्यावरच पुढे पेन्सिल धरता येते. हे पाहिल्यावर आईला पटतं.

६. जिथे थांबायचं आणि सांगायचं

वजन-उंचीच्या दिवशी ताईंना हातभार लावा : काटा शून्यावर आहे ना, मुलाच्या अंगावर जाड कपडे नाहीत ना, आकडा मोठ्याने वाचून लिहिला ना. दंडघेराची, म्हणजे दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी सहा महिने ते पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी असते. ११.५ सेंमीच्या खाली लाल, ११.५ ते १२.५ पिवळा, त्यापुढे हिरवा. लाल-पिवळा दिसला तर ताईंना दाखवा. आईसमोर तोंडावर चिंता आणू नका आणि ‘मूल कुपोषित आहे’ असं स्वतः जाहीर करू नका. ते सांगण्याची आणि पुढे पाठवण्याची एक पद्धत आहे आणि ती ताईंना माहीत आहे.

दिवाळीनंतर अचानक मुलं कमी झाली तर घाबरू नका, पण चौकशी करा. आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर कामाला जातात, मुलं त्यांच्याबरोबर. ती कुठे गेली हे ताईंच्या नोंदीत असणं महत्त्वाचं, कारण आहार आणि लस तिथेही मिळायला हवी.

एखाद्या मुलाच्या अंगावर संशय यावा अशी खूण दिसली, किंवा त्याने काही भयंकर सांगितलं, तर खोदून विचारू नका, ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. शांतपणे ऐका, ‘सांगितलंस ते बरं केलंस’ एवढं म्हणा, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा आणि त्याच दिवशी सेविकाताई व कॉलेजच्या मार्गदर्शकांना कळवा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे. नंबर आजच मोबाइलमध्ये घालून ठेवा.

आणि फोटो. मुलांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर टाकू नका. अहवालाला हवे असतील तर पालकांना विचारा आणि चेहरे दिसणार नाहीत असे घ्या : हात, माती, पानांची रांग. शौचाला नेणं, कपडे बदलणं ही कामं मदतनीसताईंच्या सोबतीनेच करा. मुलाबरोबर दार लावून एकटं राहू नका.

७. निरोप

जायच्या आठवडाभर आधी मुलांना सांगा. एका वाटीत सहा खडे ठेवा, रोज एक काढा : ‘एवढे खडे संपले की मी माझ्या कॉलेजात जाणार.’ येणं जमणार नसेल तर ‘मी परत येईन’ म्हणू नका. तयार केलेलं साहित्य तिथेच ठेवून या, आणि ते कसं वापरायचं हे मदतनीसताईंनाही दाखवून या.

८. अहवाल

‘माझा आत्मविश्वास वाढला, संयम वाढला, संवादकौशल्य सुधारलं’ हे वाक्य प्रत्येक अहवालात असतं आणि वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी वहीतले दोन प्रसंग शेजारी शेजारी मांडा, एक पहिल्या आठवड्यातला, एक शेवटच्या. पहिल्यात तुम्ही काय केलंत, दुसऱ्यात काय केलंत. माझ्या अहवालात पहिल्या आठवड्यात सफरचंदाचं कार्ड होतं. आठव्या आठवड्यात एका मुलाने काळ्या खडूने आंबा रंगवला होता, आणि मी विचारलं होतं, ‘मला सांग ना याबद्दल.’ तो म्हणाला, ‘रात्र झाली.’ मुलांची खरी नावं लिहू नका. आद्याक्षरंही लहान गावात ओळखू येतात, म्हणून क्रमांक द्या.

कॉलेजला देण्याआधी अहवाल ताईंना वाचून दाखवा. त्यांना वेळ नसतो, तरी अर्धा तास मागा. मी अंगणात बसून वाचत होते आणि मदतनीसताई तांदूळ निवडत ऐकत होत्या. त्या गप्प मुलाबद्दल मी लिहिलं होतं, ‘चौथ्या आठवड्यात हा मुलगा बोलू लागला.’ त्यांनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, ‘तो तर पयल्यापासून बोलतो, बाय.’ मी ते वाक्य खोडलं आणि तिथे लिहिलं : ‘चौथ्या आठवड्यात मला त्याचं बोलणं थोडं समजू लागलं.’

अहवालाच्या दोन प्रती काढा. एक कॉलेजला द्या, दुसरी अंगणवाडीच्या कपाटात ठेवायला ताईंकडे.